ली झी जियाने संघटना सोडली: एका एकेरी खेळाडूच्या स्वतंत्र वाटचालीचा हिशेब

२१ जानेवारी २०२२ रोजी मलेशियाच्या बॅडमिंटन संघटनेने दोन गोष्टी एकाच वेळी जाहीर केल्या. ली झी जियाचा राजीनामा मंजूर झाला, आणि पुढची दोन वर्षे त्याचे नाव कोणत्याही मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी पाठवले जाणार नाही. झी जिया तेव्हा २३ वर्षांचा होता. जागतिक क्रमवारीत सातवा होता आणि दहा महिन्यांपूर्वीच त्याने ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनमधली जुनी, मानाची स्पर्धा जिंकली होती. हाच निर्णय महिला एकेरीतल्या गो जिन वेईलाही लागू झाला. दोनदा कनिष्ठ जागतिक विजेती ठरलेली ही खेळाडू मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर राष्ट्रीय संघातून बाहेर पडली होती आणि आता आपल्या गतीने परतू पाहत होती. देशभर गदारोळ उठला. २५ जानेवारीला दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या आणि बंदी मागे घेतली गेली.

बंदीचे हे चार दिवसच बहुतेकांच्या लक्षात राहिले. पण अभ्यासाचा भाग त्यानंतर सुरू होतो. संघटना सोडल्यावर खेळाडूच्या हातात नेमके काय येते आणि काय निसटते, हे झी जियाच्या पुढच्या तीन वर्षांत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

आधी पार्श्वभूमी. झी जियाचा जन्म २९ मार्च १९९८ चा, केदाह राज्यातल्या अलोर सेतारचा. उंची १८६ सेंटिमीटर. खेळ आक्रमक, मागच्या कोर्टवरून जम्प स्मॅश, म्हणजे उडी मारून खाली हाणलेला जोरदार फटका, हे मुख्य हत्यार. बॅकहँडच्या कोपऱ्यातूनही तो थेट स्मॅश मारतो, जे एकेरीत फार थोड्यांना जमते. १३ जून २०१९ रोजी ली चोंग वेई निवृत्त झाला. चोंग वेईने ऑलिंपिकची तीन रौप्यपदके आणली होती आणि ३४९ आठवडे अव्वल स्थानी काढले होते. मलेशियाला ऑलिंपिकचे सुवर्ण तेव्हाही नव्हते, आजही नाही. ती सगळी अपेक्षा एकवीस वर्षांच्या या पोरावर येऊन पडली. त्याच वर्षी त्याने आग्नेय आशियाई स्पर्धांचे सुवर्ण जिंकले.

मार्च २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंडमध्ये त्याने उपांत्यपूर्व फेरीत केंतो मोमोताला दोन गेममध्ये हरवले आणि अंतिम सामन्यात गतविजेत्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनला ३०–२९, २०–२२, २१–९ असे. पहिल्या गेमचा आकडा पाहा. २० बरोबरीनंतर दोन गुणांची आघाडी लागते, पण २९ बरोबरी झाली की पुढचा एकच गुण गेम ठरवतो. तिथपर्यंत ताण सहन करणारा खेळाडू चार महिन्यांनी टोकियो ऑलिंपिकच्या उपउपांत्यपूर्व फेरीत चेन लाँगकडून २१–८, १९–२१, ५–२१ हरला. पहिला गेम आठ गुणांत घेऊन तिसरा पाच गुणांत सोडायचा, यातच त्याच्या खेळाची अडचण आहे. स्मॅश बसत असतो तोवर समोरच्याला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. समोरच्याने शटल उंच, खोल आणि संथ ठेवायला सुरुवात केली की त्याच स्मॅशसाठी दुप्पट श्रम लागतात. उडी मारून उतरल्यावर नेटकडे परतायला अर्धे पाऊल उशीर होतो आणि पुढचे शटल एकतर जाळ्यात जाते, नाहीतर रेषेबाहेर. यावर इलाज एकच, सरावात रोज वेगवेगळ्या धाटणीच्या खेळाडूंविरुद्ध लांब रॅली खेळणे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

चावी कोणाकडे असते

'संघटना सोडली' म्हणजे खेळाडू मोकळा झाला, असे आपल्याकडेही अनेक पालकांना वाटते. तसे होत नाही. जागतिक महासंघाच्या स्पर्धेत खेळाडू स्वतःचा अर्ज स्वतः भरू शकत नाही. प्रवेशिका सदस्य राष्ट्राच्या संघटनेमार्फतच जाते. टेनिसमध्ये खेळाडू आपले वेळापत्रक आपण आखतो आणि नावही आपणच देतो, तशी सोय बॅडमिंटनमध्ये नाही. म्हणून बंदी घालायला कुठलीही चौकशी किंवा शिस्तभंगाचे कलम लागले नाही. नाव पाठवायचे नाही, एवढे ठरवले की झाले.

दोन वर्षांचा अर्थ क्रमवारीच्या भाषेत काय होतो, तेही पाहू. क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा निकालांवर ठरते. त्यामुळे एक वर्ष न खेळणारा खेळाडू जवळपास शून्यावर येतो. दुसऱ्या वर्षाअखेर परतला, तर सुपर १००० (जागतिक मालिकेतल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या स्पर्धा) सोडाच, दोन पायऱ्या खालच्या सुपर ५०० च्या मुख्य फेरीतही नाव लागत नाही आणि छोट्या स्पर्धांपासून पुन्हा चढायला सुरुवात करावी लागते. बंदी जानेवारी २०२४ पर्यंत चालली असती. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता १ मे २०२३ ते २८ एप्रिल २०२४ या काळातली होती. कागदावर दोन वर्षे दिसत असली, तरी प्रत्यक्षात एक अख्खे ऑलिंपिक हातचे जात होते.

मलेशियात याआधीही खेळाडू बाहेर पडले होते. रिओ ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीचे रौप्य जिंकणारी चान पेंग सून आणि गो लियू यिंग ही जोडी २०१८ च्या अखेरीस बाहेर पडली, स्वतंत्रपणे खेळत राहिली आणि टोकियोलाही गेली. फरक वयाचा आहे. ती जोडी तिशीला टेकली होती. झी जिया ऐन भरात होता, त्याच्यावर सराव केंद्रातली कित्येक वर्षांची गुंतवणूक होती, आणि तो गेला तर मागच्या फळीतली पोरे त्याच वाटेने जातील ही भीती संघटनेला होती. ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण तिच्यावर दोन वर्षांची बंदी हा उपाय अतिरेकी होता, आणि चार दिवसांत तो मागे घ्यावा लागला यातच त्याचा कमकुवतपणा उघड होतो. आपल्याकडे २०१३ मध्ये ज्वाला गुट्टावर आजीवन बंदीची शिफारस झाली तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिला खेळण्याची अंतरिम मुभा मिळाली. क्वालालंपूरमध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

तडजोडीनंतरचे चित्र असे. नाव संघटना पाठवणार. प्रशिक्षक, सराव, प्रवास आणि प्रायोजक झी जिया स्वतः पाहणार. देशाच्या संघाला गरज असेल तेव्हा तो खेळणार. वैयक्तिक स्पर्धांत त्याच्या अंगावर त्याच्या प्रायोजकाचा शर्ट. राष्ट्रीय संघाचे साहित्य एका कंपनीचे होते, त्याने व्हिक्टर या दुसऱ्या साहित्य कंपनीशी स्वतंत्र करार केला. संघस्पर्धेत मात्र पोशाख संघाचा. कोणत्याही स्वतंत्र खेळाडूच्या करारात हे कलम पहिल्या पानावर असायला हवे, कारण वाद बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात.

पहिले चार महिने

सुरुवात झकास झाली. महिना उलटायच्या आत, फेब्रुवारीत शाह आलमला आशियाई सांघिक स्पर्धेत तो मलेशियाकडून खेळला आणि अंतिम सामन्यात मलेशियाने इंडोनेशियाला ३–० हरवले. १ मे रोजी मनिलात जोनाथन क्रिस्टीला २१–१७, २३–२१ हरवून त्याने आशियाई अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. बाजूला प्रशिक्षक होता इंडोनेशियाचा इंद्रा विजाया. २२ मे रोजी बँकॉकला ली शीफेंगला तीन गेममध्ये हरवून थायलंड ओपन त्याने घेतली.

मध्ये थॉमस चषक, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा झाली, त्याच बँकॉकमध्ये. हा सामना मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, कारण इथूनच भारत त्या ऐतिहासिक सुवर्णाकडे निघाला. उपांत्यपूर्व फेरीत झी जियाने लक्ष्य सेनला २३–२१, २१–९ हरवून मलेशियाला आघाडी दिली. मग सात्त्विक आणि आपला मुंबईचा चिराग शेट्टी यांनी बरोबरी साधली, श्रीकांतने दुसरी एकेरी जिंकली, दुसरी दुहेरी मलेशियाने घेतली आणि प्रणॉयने तिसरी एकेरी जिंकली. भारत ३–२. संघटनेच्या दृष्टीने यातला धडा कठोर आहे. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू स्वतंत्र असो वा नसो, त्याने आपला गुण मिळवला. एकेरीत हरले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे, जे खेळाडू संघटनेच्याच केंद्रात तयार होत होते.

ऑक्टोबरमध्ये डेन्मार्क ओपनच्या अंतिम फेरीत तो शी युचीकडून हरला. नोव्हेंबरात क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचला. आजवरचे ते त्याचे सर्वोत्तम स्थान.

पैशाचा हिशेब

बक्षिसाच्या रकमेवर स्वतंत्र खेळाडू जगू शकतो का? २०२३-२४ मधली सुपर ५०० स्पर्धा घ्या, एकूण बक्षीस तेव्हा ४ लाख २० हजार डॉलर होते. एकेरीच्या विजेत्याला ७.५ टक्के, म्हणजे ३१,५०० डॉलर. उपविजेत्याला १५,९६०. उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ६,०९०. उपांत्यपूर्व फेरीत हरला तर २,५२०. दुसऱ्या फेरीत हरला तर १,४७०. आणि पहिल्याच फेरीत हरला तर काहीच नाही.

आता खर्चाची बाजू. एका स्पर्धेला खेळाडू, प्रशिक्षक आणि सराव-जोडीदार किंवा फिजिओ अशी किमान तीन माणसे जातात. तीन विमानतिकिटे, दोन खोल्या, सात-आठ दिवसांचे जेवण. शिवाय रॅकेटची तार. एकेरीचे खेळाडू साधारण २८ ते ३१ पौंडाच्या ताणावर तार बसवतात आणि एका स्पर्धेत ती कित्येकदा तुटते, म्हणून सामन्याला चार-सहा रॅकेट तयार ठेवाव्या लागतात. घरच्या सरावात पिसांची शटल रोज नळ्यांनी संपतात. एका नळीत बारा. क्वालालंपूरहून युरोपात जाऊन दुसऱ्या फेरीत हरलात, तर १,४७० डॉलरमध्ये तीन माणसांची तिकिटेही निघत नाहीत. दर आठवड्याला किमान उपांत्य फेरी गाठली तरच बक्षिसाच्या बळावर घर चालते, आणि तसे खेळाडू जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

म्हणजे गाडी प्रायोजकावर चालते. प्रायोजक येतात क्रमवारी आणि चेहरा पाहून. म्हणून क्रमवारीत तिसावा-चाळिसावा असलेला खेळाडू झी जियाचे उदाहरण घेऊन बाहेर पडायचा विचार करत असेल, तर त्याने आधी वरची आकडेवारी आपल्या गेल्या वर्षीच्या निकालांवर बसवून पाहावी. केंद्रात निवास, फिजिओ, जिम, कोर्ट आणि शटल फुकट मिळतात. बाहेर यातल्या प्रत्येकाचे बिल येते.

वरच्या खेळाडूंवर आणखी एक बंधन आहे. एकेरीतल्या पहिल्या पंधरांना २०२३ पासून चारही सुपर १०००, सहाही सुपर ७५० आणि सुपर ५०० पैकी किमान दोन स्पर्धा खेळाव्याच लागतात. वैद्यकीय कारणाशिवाय चुकवली तर दंड. त्यामुळे 'स्वतंत्र झालो, आता माझे वेळापत्रक माझे' हे अर्धेच खरे आहे.

खरा तोटा कुठे झाला

पैसा झी जियाची अडचण नव्हती. कमी पडली ती सरावाला माणसे.

क्वालालंपूरच्या बुकित कियारातल्या राष्ट्रीय अकादमीत एकेरीचा खेळाडू सकाळी कोर्टवर उतरतो तेव्हा समोर डझनभर खेळाडू असतात. कोणी डावखुरा, कोणी उंच, कोणी नेटवर हुशार, कोणी फक्त शटल परत करत राहणारा. प्रशिक्षक आठवड्याचा आराखडा करताना पुढच्या प्रतिस्पर्ध्याशी जुळणारा माणूस उचलतो. एकटा खेळाडू आणि त्याच्यासमोर दोघे, हा एकेरीतला सर्वांत उपयोगी सराव. दोघे मिळून कोर्टचा एकही कोपरा मोकळा ठेवत नाहीत, त्यामुळे रॅली लांबते आणि थकलेल्या पायांवर निर्णय घ्यायची सवय होते. त्यासाठी चांगल्या दर्जाची दोन माणसे लागतात, रोज. छोट्या स्वतंत्र चमूत असतो एक सराव-जोडीदार, फार तर दोन. दोन महिन्यांत खेळाडूचे डोळे आणि पाय त्या एकाच माणसाच्या तालाला सरावतात. त्याचा ड्रॉप (नेटजवळ पडणारा हलका फटका) कुठून येणार, स्मॅशआधी खांदा कसा वळतो, हे पाठ होते. सरावात सगळे छान दिसते आणि सामन्यात पहिल्या फेरीतला अनोळखी खेळाडू घोळ घालतो.

त्यात प्रशिक्षक बदलले. इंद्रा विजायाची साथ २०२२ च्या उत्तरार्धातच सुटली. मग २०१८ च्या जागतिक स्पर्धेतला कांस्यविजेता ल्यू डॅरेन बाजूला उभा राहिला. त्यानंतर वाँग टॅट मेंग आले. प्रत्येक प्रशिक्षक खेळाडूचे वेळापत्रक, सरावाचा भार आणि पायांची हालचाल आपल्या पद्धतीने बसवतो, आणि ते अंगात मुरायला काही महिने लागतात. संघटनेत प्रशिक्षक गेला तरी बाकीची घडी राहते, दुसरा प्रशिक्षक उद्यापासून त्याच कोर्टवर त्याच खेळाडूंना घेऊन काम सुरू करतो. स्वतंत्र चमूत प्रशिक्षक गेला की अख्खी मोटच सुटते.

२०२३ मध्ये हे निकालांत उतरले. लवकर हरणे वाढले आणि तो पहिल्या दहांच्या बाहेर गेला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा तर विशेष बोलका. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरीत समोर प्रणॉय होता, पाठीच्या दुखण्याने बेजार. तिसऱ्या गेममध्ये झी जिया २०–१८ ने पुढे, दोन मॅच पॉइंट हातात. प्रणॉयने सलग चार गुण घेतले आणि सामना २१–१६, २१–२३, २२–२० असा जिंकला. भारताला पुरुष एकेरीत आशियाई क्रीडा स्पर्धांचे पदक १९८२ च्या सय्यद मोदीनंतर तेव्हा मिळाले. असा पराभव खेळाडूला महिनाभर झोपू देत नाही. पण पुढच्याच आठवड्यात फिनलंडच्या वांता शहरात आर्क्टिक ओपन सुरू होत होती. झी जिया तिथे गेला आणि जिंकला. वर्षभरापेक्षा जास्त काळानंतरचे हे विजेतेपद. क्रमवारीचे ९,२०० गुण, आणि ते ऑलिंपिक पात्रतेच्या काळातले.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच सुमारास घडली आणि तिच्याकडे फार कमी लोकांनी पाहिले. मलेशियाच्या क्रीडा मंत्रालयाने पहिल्या ऑलिंपिक सुवर्णासाठी 'रोड टू गोल्ड' ही योजना काढली आणि तिच्यात संघटनेबाहेरच्या झी जियालाही घेतले. म्हणजे स्वतंत्र राहूनही सरकारी पाठबळ मिळू लागले. 'संघटनेत राहा नाहीतर स्वतःच्या खिशातून खेळा' ही जुनी विभागणी इथे मोडली. भारतातही सरकारची ऑलिंपिक पोडियम योजना थेट खेळाडूला मदत करते, तेव्हा ही मांडणी आपल्याला अनोळखी नाही.

पॅरिसचे वर्ष

२०२४ मध्ये चमू स्थिर झाला होता. वाँग टॅट मेंग प्रशिक्षक, कामकाज पाहणारा थोरला भाऊ, ठरलेला फिजिओ. मे महिन्यात मलेशिया मास्टर्सच्या अंतिम फेरीत तो अ‍ॅक्सेलसनकडून हरला, जूनमध्ये कोदाई नाराओकाला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. पॅरिसला मलेशियाचा पुरुष एकेरीतला तो एकटाच खेळाडू होता. उपांत्यपूर्व फेरीत आंदर्स अँटनसनला त्याने २१–१७, २१–१५ हरवले, उपांत्य फेरीत थायलंडच्या कुन्लावुत वितिदसार्नपुढे १४–२१, १५–२१ असा निष्प्रभ ठरला.

५ ऑगस्टचा कांस्यपदकाचा सामना आपण सगळ्यांनी पाहिला. लक्ष्य सेनने पहिला गेम २१–१३ घेतला आणि दुसऱ्यात ८–३ पुढे गेला. इथून झी जियाने सलग नऊ गुण घेतले, ३–८ वरून १२–८. आपल्याकडे लक्ष्यच्या कोपरातून येणारे रक्त आणि पट्टीसाठी झालेले थांबे यांवर खूप लिहिले गेले. पण पलीकडे काय बदलले हे पाहण्यासारखे होते. पहिल्या गेममध्ये झी जिया मागून स्मॅशवर स्मॅश मारत होता आणि लक्ष्य ते परत करून त्याला पळवत होता. दुसऱ्यात त्याने पहिला फटका सपाट आणि वेगवान केला, रॅली लहान केली आणि स्मॅश अर्ध्या कोर्टवर आलेल्या शटलसाठी राखून ठेवला. २१–१६, मग २१–११. टोकियोत चेन लाँगने जे त्याच्याशी केले होते ते यावेळी पुन्हा घडले नाही. पुरुष एकेरीत मलेशियाला ऑलिंपिक पदक देणारा तो रशीद सिदेक आणि ली चोंग वेईनंतरचा तिसरा. सरकारी योजनेप्रमाणे कांस्यपदकाला १ लाख रिंगिट आणि दरमहा २,००० रिंगिट निवृत्तिवेतन.

वर्ष संपताना टॅट मेंग यांच्याशीही वाट वेगळी झाली. डिसेंबरात हांगझोऊला वर्ल्ड टूर फायनल्समध्ये उजवा घोटा दुखावला आणि २०२५ चा बराच काळ त्यातच गेला. उडी मारून स्मॅश करणाऱ्या खेळाडूचा घोटा म्हणजे त्याचे भांडवल. उतरताना संपूर्ण वजन एका पायावर येते, लगेच पुढे झेपावायचे असते, आणि सांध्यावर विश्वास नसेल तर उडीच कमी होते. मग आक्रमण थांबते आणि त्याच्याकडे दुसरा खेळ पुरेसा तयार नसतो.

इथे ५२ आठवड्यांचे ते चक्र पुन्हा समोर येते. मलेशिया मास्टर्सच्या उपविजेतेपदाचे ७,८०० आणि ऑस्ट्रेलियन ओपनचे ९,२०० गुण मे-जून २०२५ मध्ये यादीतून गळाले. ऑलिंपिकचे गुण ऑगस्टमध्ये. त्यांच्या जागी भरायला नवे निकाल नव्हते. क्रमवारी घसरली की मानांकन जाते, मानांकन गेले की पहिल्याच फेरीत अव्वल आठांपैकी कोणी समोर येऊ शकतो. संघटनेतल्या जखमी खेळाडूला त्या काळात केंद्राचा फिजिओ, जिम आणि हलक्या सरावासाठी कनिष्ठ खेळाडू मिळतात. स्वतंत्र खेळाडूला ते सहा महिने स्वतःच्या पैशाने उभे करावे लागतात, तेही स्पर्धेचे उत्पन्न थांबलेले असताना. म्हणून स्वतंत्र खेळाडूच्या प्रायोजक करारात दोन कलमे आधीच लिहून घ्यायला हवीत: दुखापतीच्या काळात मानधन किती टक्के चालू राहील, आणि क्रमवारी कितीच्या खाली गेल्यावर करार तोडता येईल.